रुकडीच्या गँगमनचं गाणं: रेल्वेचा इतिहास कुठं शोधायचा आणि किती वापरायचा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पणजोबा कोल्हापूर–मिरज लाईनवरच्या रुकडीला रेल्वेत गँगमन, म्हणजे रुळांची देखभाल करणारे कामगार, होते. घरात त्यांचा एक फोटो आणि एक पितळी बिल्ला एवढंच राहिलंय. येत्या शाहू जयंतीला तालमीच्या कार्यक्रमात कोल्हापूरच्या रेल्वेवर स्वतः लिहिलेलं गाणं म्हणायचं आहे, पण इंटरनेटवर फिरून फिरून त्याच चार ओळी मिळतात. माहिती कुठं शोधायची आणि ती गाण्यात कशी बसवायची?

मी सव्वीस वर्षं कलापथकासाठी गाणी लिहिते. बहुतेक गाणी आपल्याच मुलखातल्या गोष्टींवर आहेत: तलाव, गिरण्या, बाजार, पूर. रेल्वेवर आजवर तीन लिहिली. त्यातलं पहिलं चुकलं. ते का चुकलं तेही खाली सांगते, तुमच्या कामाला येईल.

माहिती मिळत नाही ही तुमची आजची तक्रार आहे. पंधरा दिवस नीट हिंडलात तर ती इतकी मिळेल की वहीत मावणार नाही, आणि खरी अडचण तेव्हा सुरू होईल. कोल्हापूरच्या रेल्वेचा पसारा सव्वाशे वर्षांहून मोठा आहे. दरबारात उभं राहून पाहिलं तर एक गाणं दिसतं, मालधक्क्यावर गुळाच्या राशीजवळ उभं राहिलं तर दुसरं, आणि रुकडीच्या पुलावर पावसाळ्यातल्या रात्री तिसरंच. पहिल्यांदा लिहिणारा तिन्ही ठिकाणी एकदम उभा राहायला बघतो आणि गाण्याची सनावळी होते. तुम्हाला उभं राहायची जागा घरातूनच मिळालेली आहे. म्हणून माझा सगळ्यात महत्त्वाचा सल्ला सुरुवातीलाच देते: पणजोबांनी जे डोळ्यांनी पाहिलं, कानांनी ऐकलं आणि हातांनी उचललं, तेवढंच शोधा. बाकीचा इतिहास माहीत हवा, पण तो चूक होऊ नये म्हणून. गाण्यात तो भरायचा नाही.

आता चौकट सांगते. कोल्हापूर–मिरज हा सुमारे ४७ किलोमीटरचा, त्या काळच्या हिशेबानं २९ मैलांचा रस्ता. काम १८८८ मध्ये सुरू झालं आणि गाडी १८९१ मध्ये धावली. रूळ मीटर गेजचे, म्हणजे दोन रुळांत एक मीटर अंतर. लाईन कोल्हापूर संस्थानची होती, तिचं नाव कोल्हापूर स्टेट रेल्वे. पण गाड्या चालवायचं काम सदर्न मराठा रेल्वे या कंपनीकडे होतं. ही कंपनी १९०८ मध्ये मद्रास रेल्वेत मिसळली आणि मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वे झाली. जुनी माणसं ‘एमएसएम’ म्हणतात ती हीच. १९५१ मध्ये दक्षिण रेल्वे आली, १९६६ मध्ये दक्षिण मध्य रेल्वे. आज आपण मध्य रेल्वेच्या पुणे विभागात आहोत. पुण्याहून मिरजमार्गे कोल्हापूरपर्यंत ब्रॉडगेजचं, म्हणजे रुंद रुळांचं, काम १९७१ मध्ये पुरं झालं.

यातली शेवटची दोन-तीन वाक्यं रुक्ष वाटतील, पण तुमच्या घरातला बिल्ला त्यांच्यामुळेच बोलायला लागेल. तो लिंबू आणि राखेनं हलक्या हातानं पुसा आणि उजेडात तिरका धरून बघा. एमएसएमची इंग्रजी अक्षरं असतील तर तो १९०८ ते १९५१ मधला. नुसती दक्षिण रेल्वेची असतील तर १९५१ नंतरचा. दक्षिण मध्यची असतील तर १९६६ नंतरचा. नोकरीत असताना मालक बदलले म्हणून जुनाच बिल्ला माणूस पुढं वापरत राहिलाही असेल, त्यामुळं याला पुरावा म्हणू नका, दिशा म्हणा. पण ही दिशा कळल्याशिवाय पुढं जाऊ नका. पणजोबा १९३५ मध्ये रुळावर होते की १९५५ मध्ये, यावर त्यांच्या आयुष्यातला साहेब, पूर, युद्ध, पगार सगळंच बदलतं.

आता माझी चूक. पहिल्या गाण्यात मी लिहिलं होतं की गादीवर बसल्यावर राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात आगगाडी आणली. चाल चांगली होती, टाळ्या पडल्या. कार्यक्रम संपल्यावर एक वयस्क गृहस्थ जवळ आले. निवृत्त शिक्षक असावेत. हात जोडून म्हणाले, “ताई, गाडी आली तेव्हा महाराज सोळा वर्षांचे होते. राज्यकारभार हातात आला ९४ साली.” त्यांचं बरोबर होतं. महाराजांचा जन्म २६ जून १८७४ चा, दत्तकविधान १८८४ मध्ये, अधिकारग्रहण २ एप्रिल १८९४ ला. लाईनच्या कामाचा प्रारंभ त्यांच्याच हस्ते झाला, पण तेव्हा ते पुरते चौदा वर्षांचेही नव्हते. त्या रात्री मला झोप लागली नाही. शाहू महाराजांवर माझी भक्ती आहे, आणि ज्याच्यावर भक्ती त्याच्याविषयी चुकीचं गायलं याचं वाईट वाटत होतं. नंतर वाचत गेले तसं कळलं की खरी गोष्ट माझ्या खोट्या ओळीपेक्षा मोठी होती. गाडी आयती आली होती, ती वापरायची कशी हे महाराजांनी ठरवलं. १८९५ मध्ये स्टेशनाला लागून शाहूपुरीची पेठ वसवली, तिथं गुळाचा बाजार उभा राहिला. १९०६ मध्ये शाहू मिलची सुरुवात झाली. याच लाईनवर वडिलांच्या, म्हणजे जयसिंगराव घाटग्यांच्या नावानं जयसिंगपूर वसलं, सरळ रस्त्यांचं, काटकोनात आखलेलं. दोन रूळ आले आणि त्यांच्या काठानं व्यापार कसा उभा करायचा हे एका तरुण राजानं पाहिलं. शाहू जयंतीला म्हणणार आहात, तर हा धागा एका कडव्यात जरूर घ्या. मात्र पणजोबांच्या नजरेतून घ्या: मालगाडी जाताना गुळाचा वास रुळावर पसरतो, हे गँगमनला कळतं. त्याला पेठेच्या स्थापनेचं साल माहीत असायचं कारण नाही.

कागद कुठं शोधायचे, हे लाईनच्या दोन मालकांवरून ठरतं. जमीन, पैसा, परवानगी, नुकसानभरपाई हे दरबाराचं काम, म्हणून ते कागद संस्थानी दप्तरात. कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात संस्थानचं दप्तर आहे. बराचसा भाग मोडी लिपीत आहे, तेव्हा मोडी वाचणारं कुणी सोबत हवं. तिथं जाताना ‘रेल्वेवर काय आहे ते दाखवा’ असं म्हणू नका. गावाचं नाव आणि साधारण साल घेऊन जा: रुकडी, वळिवडे, रेल्वेसाठी घेतलेली जमीन, अमुक ते अमुक साल. कागदावर फसली, म्हणजे महसुली साल दिसलं तर त्यात ५९० मिळवा, ते वर्ष कोणत्या इसवी सनात सुरू झालं ते कळेल. फसली वर्ष जूनच्या सुरुवातीला बदलतं, त्यामुळं १८९१ च्या उन्हाळ्यातली गोष्ट फसली १३०० मध्ये सापडेल, पाऊस लागला की १३०१. मी एकदा हा हिशेब न करता दोन दिवस चुकीचे रुमाल, म्हणजे दप्तराची कापडी गाठोडी, सोडत बसले होते.

छापील साधनांत संस्थानचे वार्षिक अहवाल आणि करवीर सरकारचं गॅझेट बघा. शिवाजी विद्यापीठानं राजर्षी शाहूंच्या कागदपत्रांचे खंड छापले आहेत, ते विद्यापीठाच्या खर्डेकर ग्रंथालयात बसून वाचता येतील. करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासूनचं, तिथली जुनी पुस्तकं आणि अंकही पाहा. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा कोल्हापूरचा खंड १८८६ चा आहे, म्हणजे गाडी यायच्या पाच वर्षं आधीचा. पुष्कळ जण रेल्वेचं काही नाही म्हणून तो बाजूला ठेवतात. मला तो फार मोलाचा वाटतो. गाडी नव्हती तेव्हा माल कसा जायचा, कोकणात उतरणारे घाट कोणते, बैलगाड्या कुठं थांबायच्या, हे त्यात आहे. गाणं ‘आली आगगाडी’ म्हणत असेल, तर ती यायच्या आधी काय होतं हे ऐकणाऱ्याला एका ओळीत तरी दिसायला हवं.

दुसरा मालक कंपनी. माणसांच्या नेमणुका, पगार, शिक्षा, अपघात हे कंपनीच्या दप्तरात. सदर्न मराठाचं मोठं केंद्र धारवाड-हुबळीकडं, एमएसएमचं मुख्य ठाणं मद्रासला. त्यामुळं तुमच्या पणजोबांचा नोकरीचा कागद कोल्हापुरात सापडेल अशी आशा धरू नका. त्याआधी घरातली पत्र्याची पेटी उघडा: पेन्शनचा कागद, प्रवासाचा पास, सोसायटीच्या कर्जाची पावती, रेल्वे दवाखान्याची चिठ्ठी. आमच्या पथकातल्या एका ढोलकीवाल्याच्या घरी सव्वीस वर्षांची नोकरी एका बनियनच्या घडीत गुंडाळलेली सापडली. एका कार्यालयात मला तीनदा परत पाठवलं होतं. चौथ्यांदा तिथल्याच एका शिपायानं योग्य खोली दाखवली. चिकाटी ठेवा आणि गोड बोला.

कागदांइतकाच वेळ माणसांना द्या, आणि त्यांना आधी गाठा. कागद पुढच्या वर्षीही तिथंच असतील. ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांची माणसं थांबणार नाहीत.

म्हाताऱ्या माणसाला ‘रेल्वेविषयी सांगा’ म्हटलं की ते शाळेतल्या निबंधासारखं बोलायला लागतात. गाडी आली, सोय झाली, प्रगती झाली. यात त्यांचा दोष नाही, प्रश्नच तसा आहे. मी हातातल्या वस्तूवरून सुरुवात करते. डब्यात काय न्यायचे? कंदिलाला रॉकेल कोण आणायचं? कोणत्या गाडीच्या शिट्टीवर चूल पेटायची? पगाराच्या दिवशी घरी काय यायचं? रुकडीच्या एका आजींना मी विचारलं, “मालक रात्रपाळीला गेल्यावर तुम्ही काय करायचा?” त्या बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, “काय करायचं? पाऊस वाजायचा, मी कवाड उघडून बसायची. लांब दिवा हालताना दिसला की कळायचं, हाय, चाललंय. दिवा न्हाई दिसला की देवाचं नाव घ्यायची.” माझं तिसरं गाणं त्या एका उत्तरावर उभं आहे. कुठल्याही दप्तरात मला ते मिळालं नसतं. म्हणून घरातल्या बायकांना विचारा. पणजोबांना पाहिलेली एखादी आत्या, मावशी, चुलत आजी असेलच.

आठवणीतली सालं मात्र हमखास चुकतात. साल विचारूच नका, खूण विचारा. आपल्याकडं दोन खुणा पक्क्या आहेत. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा, आणि मोठा दुष्काळ १९७२ चा. “भूकंप झाला तेव्हा गाडी लहान होती का मोठी?” असं विचारलं की माणूस अचूक सांगतो. लहान म्हणजे मीटर गेज, मोठी म्हणजे ब्रॉडगेज. भूकंपाला लहान, दुष्काळाला मोठी असं उत्तर आलं तर त्यांच्या बाकीच्या आठवणीवरही बऱ्यापैकी विसंबायला हरकत नाही. त्याहून जुन्या आठवणीला वळिवड्याचा पोलिश कॅम्प ही खूण वापरा. युद्धकाळात, १९४३ ते १९४८ च्या दरम्यान, सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित, मुख्यतः बायका आणि मुलं, वळिवडे स्टेशनाजवळ राहत होती. ती गेल्यावर त्याच परिसरात सिंधी निर्वासित आले आणि गांधीनगर झालं. पणजोबांच्या तोंडी ‘गोरी पोरं’ आल्याचं घरात कुणी सांगत असेल तर ते कोणत्या वर्षांत रुळावर होते ते कळलं.

कुठलीही गोष्ट दोन वेगळ्या घरांतून ऐकू आल्याशिवाय मी ती घडली म्हणून गात नाही. एकाच घरातून आली असेल तर ‘आजी सांगायची’ असं गाण्यातच म्हणते. ओवीला ते शोभूनही दिसतं.

आता पणजोबांच्या कामाकडं या, कारण गाण्याचा जीव तिथं आहे. गँगमन म्हणजे रुळावर काम करणारा एवढ्यावर थांबू नका. एका गँगच्या वाट्याला साधारण पाच-सहा किलोमीटरचा पट्टा असायचा. मुकादम, कीमन आणि बाकीची माणसं. कीमननं रोज सकाळी पट्टा पायी बघायचा. खांद्यावर हातोडा आणि पाना, कमरेला झेंडे. सैल झालेली चावी, म्हणजे रूळ घट्ट धरणारी पाचर, ठोकून बसवायची, रुळाला तडा गेलाय का बघायचं. मीटर गेजचा रूळ १२ मीटरचा धरला तर सहा किलोमीटरमध्ये एका बाजूचे पाचशे सांधे, दोन्ही बाजूंचे हजार. रोज हजार सांध्यांवरून नजर फिरवणारा माणूस. बाकीच्यांनी स्लीपरखालची खडी ठोकून घट्ट करायची. हे काम बीटरनं, जोडीजोडीनं, तालात चालतं. रूळ सरकवायचा असेल तर पहारी लावून एक जण बोल म्हणायचा आणि बाकीचे त्या बोलावर जोर लावायचे. म्हणजे तुमच्या पणजोबांच्या कामात गाणं आधीपासून होतं. ते बोल कुणाला आठवतात का हे आवर्जून विचारा, आणि आठवत असतील तर म्हणून घ्या.

आणि पावसाळा. पंचगंगेवरचा रुकडीचा पूल हे या लाईनचं नाजूक ठिकाण. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पुलाशी पाणी आलं म्हणून मिरज–कोल्हापूर गाड्या बंद ठेवाव्या लागल्या, हे तुम्हीच पाहिलंय. पावसाळ्यात रात्रीची गस्त असते. गस्तवाल्यानं कंदील, झेंडे, शिट्टी आणि पटाके घेऊन आपला पट्टा चालायचा. पटाके म्हणजे रुळावर बांधायची दारूची चपटी डबी, चाक त्यावरून गेलं की मोठा आवाज होतो आणि ड्रायव्हर गाडी थांबवतो. पट्ट्याच्या टोकाला पलीकडचा गस्तवाला भेटतो, दोघं एकमेकांच्या वह्या बदलतात आणि परत फिरतात. अंधारात, पावसात, दोन कंदील लांबून एकमेकांकडं येतात, क्षणभर एकत्र होतात आणि पाठ फिरवून दूर जातात. मला विचाराल तर एवढ्या एका दृश्यावर अख्खं गाणं होईल.

मी हे ऐकल्यावर लिहिलेल्या दोन ओळी देते, नमुना म्हणून:

पंचगंगेच्या पुलावर कंदील हालतो गं,
बाप माझा रुळावर रातभर चालतो गं.

आता याच्या शेजारी माझ्या चुकलेल्या गाण्याची ओळ ठेवा: ‘अठराशे एक्क्याण्णव साली आली आगगाडी, प्रगतीची वाट दाविली करवीरच्या खेडोपाडी.’ यमक नीट जुळलंय, साल बरोबर आहे, पण त्यात एकही माणूस नाही, पाऊस नाही, अंधार नाही. पहिल्या दोन ओळींत साल नाही, तरी ती कुठली आणि कुणाची हे कळतं. अभ्यास दोन्हींमागं सारखाच आहे. किंबहुना पहिल्या ओळींमागं जास्त आहे, कारण गस्त कशी चालते हे कळल्याशिवाय ‘रातभर चालतो’ म्हणायचं धाडस झालं नसतं.

ठेक्याविषयी लोक मला नेहमी विचारतात की गाडीचा ताल कुठला. उत्तर रुळाच्या सांध्यात आहे. आजच्या गाडीत तो नीट ऐकू येत नाही, कारण रूळ जोडून लांबच लांब केलेले असतात. जुन्या लाईनवर दर १२ मीटरला सांधा. बोगीचा डबा असेल (बोगी म्हणजे डब्याच्या टोकाखालचा, रुळाच्या प्रत्येक बाजूला दोन चाकांचा गाडा) तर एका डब्याच्या मागच्या बोगीची दोन चाकं आणि लगेच पुढच्या डब्याच्या पहिल्या बोगीची दोन, असे चार ठोके जवळजवळ येतात आणि मग पोकळी: खडखड-खडखड… खडखड-खडखड… ताशी ३६ किलोमीटर वेग धरला तर गाडी सेकंदाला दहा मीटर जाते, म्हणजे एक चाक सव्वा सेकंदाच्या आतबाहेर पुढच्या सांध्यावर. डफावर चार थापा आणि चार मात्रा मोकळ्या असं वाजवून बघा. केरव्यात अलगद बसतं. त्या मोकळ्या चार मात्रांत शब्द ठेवा, थापेवर ठेवू नका, नाहीतर शब्द ऐकू येत नाहीत. चारचाकी मालवाघिणींचा ठेका वेगळा, त्यात ठोके दोन-दोन येतात आणि गाडी जड चालते. गुळाचं कडवं मी त्या ठेक्यावर बांधते. ढोलकीवाल्याला हे तोंडानं सांगून भागत नाही, टेबलावर हातानं वाजवून दाखवावं लागतं.

प्रकार कुठला निवडायचा हे तुमच्या गळ्यावर आणि साथीवर अवलंबून आहे. शाहू जयंती म्हटलं की सगळे पोवाड्याकडं वळतात, आणि कोल्हापूरच्या शाहिरीची परंपरा एवढी मोठी आहे की ते साहजिक आहे. पण पोवाड्याला लढाई लागते, चढती घटना लागते, आणि पल्लेदार आवाज लागतो. पणजोबांच्या आयुष्यात पुराची अशी एखादी रात्र खरोखर घडली असेल आणि ती दोन घरांतून ऐकलीत, तर जरूर पोवाडा लिहा. तशी घटना हाती आली नाही तर ती बनवू नका. मग ओवीच्या चालीवर किंवा भजनी ठेक्यात साधं गाणं करा. सुरुवातीला गण म्हणून स्टेशनांना हाक मारता येते, गोंधळात देवांना बोलावतात तशी. नावं अधिकृत पाटीवरची न घेता तोंडातली घ्या: गूळ मार्केट, वळिवडं, रुकडी, हातकणंगलं, निमशिरगाव-तमदलगं, जयसिंगपूर, मिरज. एकदा मोठ्यानं म्हणून बघा. रुकडी तीन अक्षरांत टचकन संपते आणि निमशिरगाव-तमदलगं अख्खी ओळ खाऊन जातं. तोच चढउतार ठेक्यात वापरा.

शोधताना मोहात पाडणाऱ्या गोष्टी भेटतील, त्या वेगळ्या वहीत लिहा. शेणोलीला ७ जून १९४३ रोजी तुफान सेनेनं पगाराची गाडी लुटली, ती कथा थरारक आहे आणि पोवाड्यासाठी अगदी साजेशी आहे. पण शेणोली पुणे–मिरज मार्गावर आहे, ते प्रतिसरकारचं शौर्य आहे, आणि ते कोल्हापूर लाईनवर आणून ठेवणं हा त्या माणसांवरही अन्याय आहे. मिरजेचे गायक खाँसाहेब अब्दुल करीम खाँ १९३७ मध्ये दक्षिणेत प्रवासात असताना सिंगपेरुमाळ कोईल स्टेशनच्या फलाटावर वारले आणि मिरजेत दर्ग्याजवळ त्यांना विसावा मिळाला. मी ही गोष्ट कळली त्या दिवशी दुसरं काही करू शकले नाही. तरीही ते दुसरं गाणं आहे. पोलिश मुलांचं तिसरं. रुकडीच्या गँगमनच्या गाण्यात ही सगळी गर्दी झाली तर पणजोबा दिसेनासे होतील. एक अपवाद मी करेन: पणजोबांनी यातलं काही स्वतः पाहिलं असेल आणि ते घरात सांगितलं गेलं असेल, तर तेवढीच एक ओळ आत घ्या.

हाताशी किती दिवस आहेत त्यावर क्रम ठरवा. दोन महिने असतील तर पहिले पंधरा दिवस माणसं, मग तीन आठवडे कागद, मग लिहायला बसा, आणि शेवटचे दहा दिवस फक्त म्हणून बघायला ठेवा. तीनच आठवडे असतील तर पुराभिलेखागाराचा नाद या वर्षी सोडा. बिल्ला, घरातली पेटी आणि तीन म्हातारी माणसं एवढ्यावर चांगलं गाणं होतं. कागद पुढच्या वर्षीच्या कडव्याला ठेवा.

पणजोबांचं नाव गाण्यात घालावं का, असं तुम्ही शेवटी विचारलंय. घरच्या सगळ्या शाखांना आधी विचारा, विशेषतः थोरल्या घराला. गँगमनकी हे काही घरांत अजून झाकून ठेवायचं काम आहे. कुणाला ते चारचौघांत नको असेल. त्यांना गाणं एकदा घरात बसून ऐकवा. माझ्या अनुभवात ऐकल्यावर कुणी नाही म्हटलेलं नाही, पण न ऐकवता स्टेजवर म्हटलं म्हणून दुखावलेलं एक घर मला माहीत आहे.

आणि एक काम याच आठवड्यात करा. संध्याकाळच्या पॅसेंजरनं रुकडीला उतरा. पुलावर किंवा रुळावर चढू नका, ते धोक्याचं आहे आणि गुन्हाही आहे. फलाटाच्या टोकाला, नदीच्या बाजूला जाऊन थांबा, फोनवर रेकॉर्डिंग सुरू करा आणि पुढची गाडी येईपर्यंत काही बोलू नका. गाडी पुलावर आली की आवाज आधी पोकळ होतो, मग जमिनीवर आल्यावर भरतो. ही पोकळी पणजोबांनी रोज ऐकलेली आहे.